नाव परत येते, शर्यत येते का?

१६ ऑगस्ट १९९२ रोजी बुडापेस्टजवळच्या हंगेरोरिंगवर नायजेल मॅन्सेलने जगज्जेतेपद निश्चित केले. त्याच शर्यतीत डेमन हिलने ब्रॅबम बीटी ६०बी ही गाडी कशीबशी अकराव्या क्रमांकावर शेवटच्या रेषेपार नेली. ब्रॅबम संघाची ती अखेरची ग्रां प्री ठरली. संघाकडचे पैसे संपले होते आणि पुढच्या शर्यतीला तो आलाच नाही. त्यानंतर जवळपास सव्वीस वर्षांनी, २ मे २०१८ रोजी, लंडनच्या ऑस्ट्रेलिया हाऊसमध्ये एका नव्या गाडीवरचा पडदा दूर झाला आणि तिचे नाव बीटी ६२ असल्याचे जाहीर झाले. सव्वीस वर्षे खंडित झालेली मालिका जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढे सुरू झाली होती.

ही गाडी रस्त्यासाठी नव्हती. चालू असलेल्या कोणत्याही मोठ्या अजिंक्यपद मालिकेच्या नियमांतही ती बसत नव्हती. बंद ट्रॅकवर मालकाने स्वतःच्या आनंदासाठी चालवावी, एवढाच तिचा उद्देश होता. एकूण सत्तर गाड्या बनायच्या होत्या. प्रत्येकीची किंमत दहा लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने नऊ कोटी रुपयांच्या आसपास, आणि कर वेगळा.

बीटी ६२ एकटी नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मोटार शर्यतींतली कितीतरी विझलेली नावे पुन्हा पेटवण्यात आली: लोटस, लोला, व्हॅनवॉल, बीआरएम, डे टोमासो. काही खटल्यांतून परत आली, काही लिलावातून, तर काही एखाद्या श्रीमंत चाहत्याच्या हौसेतून. या सगळ्यांकडे एकत्र पाहिले की एक प्रश्न पुढे येतो. शर्यतीत कमावलेले नाव शर्यतीबाहेर नेऊन विकले तर ते जिवंत राहते का? माझ्या मते ते काही काळ तग धरते, जिवंत राहत नाही. पण या मतापर्यंत येण्याआधी बीटी ६२ला तिचे पूर्ण श्रेय द्यायला हवे, कारण या साऱ्या पुनरुज्जीवनांत ती सर्वांत प्रामाणिक प्रयत्नांपैकी एक होती.

आधी नावाची कमाई पाहू. जॅक ब्रॅबम हा सिडनीच्या हर्स्टव्हिल उपनगरातला. १९४८ मध्ये तो मातीच्या छोट्या ट्रॅकवर मिजेट गाड्या पळवू लागला. पुढे इंग्लंडला जाऊन कूपर संघाकडून १९५९ आणि १९६० अशी सलग दोन जगज्जेतेपदे त्याने मिळवली. नंतर त्याने रॉन टॉरनॅक या मित्राला बोलावून घेतले आणि दोघांनी मोटर रेसिंग डेव्हलपमेंट्स ही कंपनी काढली. गाड्यांच्या नावातले बी ब्रॅबमचे, टी टॉरनॅकचे. टॉरनॅक आखायचा, ब्रॅबम चालवून पाहायचा आणि काय चुकते ते सांगायचा.

१९६६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनांची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटरवर गेली. फेरारीने बारा सिलिंडरचे इंजिन आणले, बीआरएमने सोळा सिलिंडरचे. ब्रॅबमने मेलबर्नच्या रेप्को या सुट्या भाग बनवणाऱ्या कंपनीला गाठले. रेप्कोने अमेरिकन ओल्ड्समोबिल गाडीचा हलका ॲल्युमिनियमचा ब्लॉक घेऊन त्यावर साधे व्ही ८ इंजिन उभारले. त्याची ताकद जेमतेम तीनशे हॉर्सपॉवर होती. पण ते हलके होते, पेट्रोल कमी प्यायचे आणि शर्यत संपेपर्यंत टिकायचे. त्या उन्हाळ्यात ब्रॅबमने फ्रान्स, ब्रिटन, नेदरलँड्स आणि जर्मनी अशा सलग चार ग्रां प्री जिंकल्या. वयाची चाळिशी गाठलेल्या या माणसाला वृत्तपत्रे म्हातारा म्हणू लागली होती. तेव्हा झांडफूर्टला तो खोटी दाढी लावून, काठी टेकत आपल्या गाडीपर्यंत गेला आणि शर्यत जिंकून परतला. स्वतःच्या नावाच्या गाडीत जगज्जेता झालेला आजवरचा तो एकमेव चालक आहे. पुढच्याच वर्षी त्याच्या संघातला डेनी हल्म जगज्जेता झाला.

या कथेची दुसरी बाजू कमी सांगितली जाते, आणि आपल्या प्रश्नासाठी तीच महत्त्वाची आहे. ब्रॅबम आणि टॉरनॅक यांचा खरा धंदा गाड्या विकण्याचा होता. फॉर्म्युला ज्युनियर, फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू अशा सगळ्या पायऱ्यांवरच्या गाड्या ते गिऱ्हाइकांना विकत. १९७० पर्यंत त्यांच्या कारखान्यातून पाचशेहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या आणि शर्यतीच्या एकआसनी गाड्या विकणाऱ्यांत जगात त्यांचा क्रमांक सर्वांत वर होता. फ्रँक विल्यम्सने फॉर्म्युला वनमध्ये पाऊल टाकले ते १९६९ मध्ये, विकत घेतलेल्या ब्रॅबम गाडीवर पियर्स करेजला बसवून. त्या वर्षी करेजने मोनॅकोला दुसरा क्रमांक मिळवला. म्हणजे ब्रॅबमचे नाव एका संघाच्या विजयांपुरते नव्हते. आठवडाअखेर युरोपातल्या डझनभर ट्रॅकवर, वेगवेगळ्या चालकांच्या हातात, एकमेकांशी झुंजणाऱ्या गाड्यांवर ते लिहिलेले असे.

पुढचा काळ संघाचा नवा मालक बर्नी एक्लस्टोन आणि गॉर्डन मरे यांचा. डर्बनमध्ये जन्मलेला मरे हा बुद्धिमान आणि धाडसी अभियंता. १९७८ मध्ये त्याने बीटी ४६बीच्या मागे एक मोठा पंखा बसवला. तो गाडीखालची हवा ओढून घ्यायचा आणि गाडी जमिनीला चिकटून राहायची. स्वीडनच्या अँडरस्टॉर्पला निकी लाउडाने त्या गाडीत शर्यत जिंकली आणि ती गाडी पुन्हा कधीही ग्रां प्रीमध्ये उतरली नाही. १९८१ आणि १९८३ मध्ये नेल्सन पिकेने ब्रॅबममधूनच विजेतेपदे घेतली. एक्लस्टोनने संघ सोडल्यावर मात्र मालक बदलत गेले आणि १९९२ मध्ये सारे संपले. एकूण पस्तीस ग्रां प्री विजय मागे राहिले.

संघ बुडाला तरी नाव बुडत नाही. ते कुणाच्या तरी कागदावर जिवंत असते. २००९ मध्ये ब्रॅबम कुटुंबाशी काहीही संबंध नसलेल्या एका जर्मन उद्योगाने फॉर्म्युला वनमधल्या प्रवेशासाठी ब्रॅबम या नावाने अर्ज केला. जॅकचा धाकटा मुलगा डेव्हिड, जो स्वतः २००९चा ल मॉं विजेता, नावाच्या हक्कासाठी सुमारे सात वर्षे कायद्याची लढाई लढत होता. अखेर हक्क त्याच्याकडे आला. स्वतःचे आडनाव परत मिळवायला न्यायालयाची पायरी चढावी लागावी, हे मला फार क्लेशकारक वाटते. मे २०१४ मध्ये जॅक गेला. त्यानंतर डेव्हिडने ॲडलेडच्या फ्यूजन कॅपिटल या गुंतवणूकदारांबरोबर ब्रॅबम ऑटोमोटिव्ह उभी केली, आणि तिची पहिली गाडी बीटी ६२.

ॲडलेड हे गाव इथे महत्त्वाचे आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या एलिझाबेथ उपनगरातला होल्डनचा कारखाना बंद झाला आणि ऑस्ट्रेलियातले प्रवासी गाड्यांचे मोठे उत्पादनच संपले. फोर्ड वर्षभर आधी गेली होती, टोयोटा त्याच महिन्यात. अशा शहरात काही महिन्यांनी कोणी कार्बन फायबरची शर्यती गाडी बनवायला घेतो, तेव्हा त्यामागे निव्वळ नफ्याचा हिशेब नसतो. सत्तर गाड्यांनी एका कारखान्याची पोकळी भरणार नव्हती, हे खरे. पण वेल्डिंगचे, जुळणीचे, चाचणीचे हातचे काम त्या मातीत टिकावे, ही इच्छा त्यात होती आणि ती आदर करावा अशी आहे.

गाडीही तशीच विचारपूर्वक केलेली. टर्बो नसलेले ५.४ लिटरचे व्ही ८ इंजिन, सातशे हॉर्सपॉवर. कोरडे वजन ९७२ किलो. वेगात असताना हवेचा दाब गाडीला खाली रेटतो, ज्याला डाउनफोर्स म्हणतात, तो बाराशे किलोंहून अधिक; म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त. सहा गतींचा सीक्वेन्शियल गिअरबॉक्स ऑस्ट्रेलियातल्याच हॉलिंजरचा. हायब्रिड मोटर नाही, गुंतागुंत नाही; हलके अंग, साधे व्ही ८ आणि हवेचा पुरेपूर वापर. रेप्कोच्या काळाशी हे नाते आकड्यांत आणि आराखड्यात दिसते, म्हणून मला ते खरे वाटते. याउलट सत्तर हा आकडा, जॅकच्या पहिल्या शर्यतीला झालेल्या सत्तर वर्षांसाठी, आणि पहिल्या पस्तीस गाड्यांची पस्तीस विजयांची आठवण देणारी रंगसंगती, हा भाग विक्री विभागाचा. तो वाईट नाही, पण त्याने गाडी वेगवान होत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बाथर्स्टच्या माउंट पॅनोरमावर, बाथर्स्ट १२ तासांच्या शर्यतीच्या दिवसांत, लूक यूल्डनने बीटी ६२मध्ये एक फेरी १ मिनिट ५८.६७९ सेकंदांत पुरी केली. डोंगरावर चढणारा, भिंतींमधून वळणे घेत उतरणारा, सव्वासहा किलोमीटरचा तो रस्ता आहे. तिथे दोन मिनिटांच्या आत येणे ही मोठी गोष्ट. पण त्या फेरीला प्रतिस्पर्धी नव्हता, नियमपुस्तक नव्हते आणि अधिकृत विक्रमांच्या यादीत तिला जागा नव्हती.

या संपूर्ण प्रकाराची अडचण इथेच आहे. मर्यादित संख्येच्या ट्रॅक गाडीचे स्वातंत्र्य दुहेरी असते. रस्त्यावरच्या गाडीला लागणाऱ्या धडक चाचण्या, धुराचे निकष, दिव्यांची उंची यांपासून ती मोकळी. शर्यतीच्या गाडीवर येणारी वजनाची, पंखांची, इंजिनाची बंधने तिला नाहीत. अभियंत्याला ही मोकळीक आनंदाची वाटते आणि ती का वाटते हे मला पुरते कळते. फेरारीने २००५ मध्ये एफएक्सएक्स आणली, तेव्हापासून हा बाजार पक्का झाला: निवडक गिऱ्हाईक, कंपनीने आयोजित केलेले ट्रॅकचे दिवस, कंपनीचेच मेकॅनिक. मग पगानीची झोंडा आर, मॅकलारेनची पी १ जीटीआर, ॲस्टन मार्टिनची चोवीस गाड्यांपुरती व्हल्कन. पण या कंपन्यांचे नाव दुसरीकडे रोज कसाला लागत असते. फेरारीची ट्रॅक गाडी एकाही शर्यतीत उतरली नाही तरी फेरारी दर पंधरवड्याला कुठेतरी हरत-जिंकत असते. ज्याचे नाव सव्वीस वर्षे मैदानाबाहेर आहे त्याला हा आधार नसतो. त्याची ट्रॅक गाडी हीच त्याची एकमेव परीक्षा, आणि त्या परीक्षेत समोर कोणीच उभा नाही.

पुनरुज्जीवनाची दुसरी वाट जुनीच गाडी पुन्हा घडवण्याची. यात सर्वांत नेटके काम केले ते जॅग्वारने, जी २००८ मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली. लाइटवेट ई टाइपच्या अठरा गाड्या साठच्या दशकात ठरल्या होत्या, बनल्या बाराच. राहिलेल्या सहा २०१४ नंतर बनल्या. १९५७च्या ब्राउन्स लेनच्या आगीत नऊ एक्सकेएसएस जळाल्या होत्या. तितक्याच नव्याने उभ्या राहिल्या. डी टाइपच्या शंभर गाड्यांचा बेत होता आणि पंच्याहत्तरच तयार झाल्या. उरलेल्या पंचवीस बनवायची घोषणा २०१८ मध्ये झाली. इथे संख्या सजावटीची नाही, राहिलेला हिशेब पुरा करणारी आहे. म्हणून ते पटते.

बीआरएमच्या व्ही १६चेही तसेच. दीड लिटरचे, सोळा सिलिंडरचे, मिनिटाला बारा हजार फेऱ्यांपर्यंत किंचाळणारे ते १९५०चे इंजिन पुन्हा बनवण्याचे काम लिंकनशरमधल्या बोर्न गावच्या हॉल अँड हॉलकडे गेले. बोर्न हेच बीआरएमचे मूळ गाव, आणि रिक हॉल हा पूर्वी बीआरएममध्येच काम केलेला माणूस. तीनच गाड्या ठरल्या. त्यांतली पहिली संघाचे मालक सर आल्फ्रेड ओवेन यांच्या मुलासाठी होती, कारण त्याला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. व्हॅनवॉल या १९५८च्या पहिल्या संघविजेत्या नावाने सहा गाड्या जाहीर केल्या, पैकी पाच विकायच्या. अशा गाड्या निदान एक वचन पाळतात: त्या नवे काही असल्याचा दावा करत नाहीत.

नावावरून भांडणे कुठवर जातात, हे लोटसने दाखवले. २०११च्या फॉर्म्युला वन हंगामात लोटस नावाचे दोन संघ एकाच वेळी शर्यतीत होते आणि लंडनच्या उच्च न्यायालयात त्यांचा खटला चालू होता. चेन्नईचा करुण चंडोक त्याच वर्षी जर्मन ग्रां प्रीत यांपैकी टीम लोटसच्या गाडीत बसला. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याच्या मृत्यूला तेव्हा एकोणतीस वर्षे होत आली होती. दोघांकडेही नावावर हक्क सांगणारी कागदपत्रे होती. चॅपमनच्या कार्यशाळेतली विचार करण्याची रीत मात्र दोघांपैकी एकाकडेही नव्हती.

आता गॉर्डन मरेकडे परत यायला हवे. २०२१ मध्ये, लाउडाच्या जन्मदिवशी, २२ फेब्रुवारीला, मरेच्या स्वतःच्या कंपनीने टी.५०एस निकी लाउडा ही ट्रॅक गाडी दाखवली. पंचवीस गाड्या, ८५२ किलो वजन, ३.९ लिटरचे व्ही १२ इंजिन आणि मागे चाळीस सेंटिमीटरचा पंखा. तोच पंखा, ४३ वर्षांनी, अधिक समजून घेऊन वापरलेला. मरेच्या गाड्यांनी जिथे ग्रां प्री जिंकल्या त्या ट्रॅकची नावे या पंचवीस गाड्यांना दिली आहेत. पहिलीचे नाव क्यालामी १९७४, म्हणजे ब्रॅबमचाच विजय. गाडीवर ब्रॅबम हा शब्द कुठेही नाही. तरी मला विचाराल तर १९७०च्या दशकातला ब्रॅबम संघ या गाडीत जितका आहे तितका बीटी ६२मध्ये नाही.

ख्याल गायकी ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला हे लगेच समजेल. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे किराणा घराणे पुढे सर्वदूर नेले ते सवाई गंधर्वांनी, आणि त्यांच्याकडून भीमसेन जोशींनी. रक्ताचे नाते नव्हते, तालीम होती. आणि तालमीनंतर मैफलीत, जाणकारांसमोर, रोज सिद्ध होणे होते. आडनाव मुलाला मिळते, पण घराणे शिष्य आणि मैफल मिळून चालवतात. मोटार शर्यतीत तालीम म्हणजे अभियंते आणि मेकॅनिक, आणि मैफल म्हणजे सुरुवातीची रेषा.

डेव्हिड ब्रॅबमला हे ठाऊक होते, म्हणून त्याच्याबद्दल मला आदर आहे. गाडी फक्त हौशी मालकांच्या तबेल्यात राहू नये, याची त्याने खटपट केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रँड्स हॅचला ब्रिटकारच्या शर्यतीत बीटी ६२ उतरली. डेव्हिड आणि विल पॉवेल यांनी ती चालवली आणि पहिलीच शर्यत जिंकली. त्याआधीच जागतिक एंड्युरन्स मालिकेच्या जीटीई वर्गात जायचे, ल मॉंला परत जायचे, असे कंपनीने जाहीर केले होते. रस्त्यासाठीची बीटी ६२आर हवी होती तीही त्याचसाठी, कारण त्या वर्गाला रस्त्यावरच्या गाडीचा पाया लागतो. पण तोवर जीटीई वर्गाचेच दिवस भरले. मोठे कारखाने एकेक करून बाहेर पडले आणि २०२४ पासून त्याची जागा एलएमजीटी थ्रीने घेतली, जिथे गाड्या विकत घेऊन स्पर्धा करणाऱ्या ग्राहकसंघांची मोठी साखळी असलेल्या कारखान्यांचेच चालते. दरम्यान २०२१ मध्ये बीटी ६३ जीटी टू आली. पुढे डेव्हिड आणि फ्यूजन कॅपिटल यांचे मार्ग वेगळे झाले आणि ल मॉं राहूनच गेले.

इथे जुनी तुलना मनात येते आणि मला ती टाळता येत नाही. मोटर रेसिंग डेव्हलपमेंट्सचे गिऱ्हाईक गाडी घेऊन थेट शर्यतीला जायचे. हरले तर सोमवारी टॉरनॅकला फोन यायचा, आणि पुढच्या गाडीत तो दोष नसायचा. त्या पाचशे गाड्या म्हणजे पाचशे तक्रारवह्या होत्या. बीटी ६२च्या गिऱ्हाइकाला किमतीत चालकाचे प्रशिक्षणही मिळत होते, ही चांगली सोय. पण त्याच्या अनुभवाने पुढची गाडी घडत नव्हती. दहा लाख पौंडांऐवजी एक लाखात, हौशी पण शर्यतीत उतरणाऱ्या चालकांसाठी ब्रॅबमने एखादी एकआसनी गाडी आणली असती तर? नफा कदाचित कमी झाला असता. पण ब्रॅबमचे पुढचे पंचवीस-तीस चालक त्यातून घडले असते.

नाव अशा हातच्या कामाशी जोडणारी दोन उदाहरणे माझ्यासमोर आहेत. एक फ्रान्समधली आल्पीन. तिचा दिएपचा कारखाना नाव झोपलेले असतानाही बंद नव्हता. तिथे रेनोच्या वेगवान गाड्या बनत राहिल्या, हात शिकत राहिले. २०१७ मध्ये नवी ए११० त्याच कारखान्यातून आली तेव्हा ती परकी वाटली नाही. दुसरे लोला. एरिक ब्रॉडलीने १९५८ मध्ये स्थापन केलेली, इतरांसाठी शर्यती गाड्या बनवण्यात हयात घालवलेली ही इंग्रज कंपनी २०१२ मध्ये बुडाली. २०२२ मध्ये टिल बेख्टोल्सहायमर या शर्यतवेड्या गुंतवणूकदाराने ती विकत घेतली. त्याने सत्तर चकचकीत गाड्या जाहीर केल्या नाहीत. यामाहाला बरोबर घेऊन तो फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या मालिकेत, २०२४-२५च्या हंगामात, पुरवठादार म्हणून उतरला. त्या गाड्यांचा सांगाडा सगळ्यांना सारखाच असतो. लोलाला करायला मिळते ती मागची मोटर, तिचे सॉफ्टवेअर आणि दर पंधरवड्याची सुधारणा. त्या कामात झगमगाट कमी आहे. पण लुकास दी ग्रासीसारखा माजी विजेता त्या गाडीत बसतो आणि शर्यतीनंतर कुठे कमी पडलो ते अभियंत्यांना सांगतो. ब्रॅबमचे नाव उद्या पुन्हा कोणी हाती घेतले, तर त्याने ॲडलेडच्या आधी लोलाच्या या जुन्या रीतीकडे पाहावे, असे मी आग्रहाने म्हणेन.